वर कोणी नाही

१

खालापूरच्या जुन्या बाजारपेठेत कप्पीची इमारत कुठे म्हणून विचारलं, तर कोणीही बोट दाखवायचं. दुमजली, सागवानी खांबांची, कौलारू. दर्शनी भिंतीवर सिमेंटात उठवलेलं १९२७ साल आणि त्याच्या वर, छपराबाहेर आलेल्या तुळईला टांगलेली लोखंडी कप्पी. पूर्वी खाली भाताचा व्यापार चालायचा आणि पोती त्या कप्पीवरून वर चढायची. पुढे व्यापार बसला. खाली गाळे पडले, वरच्या खोल्या भाड्याने गेल्या. कप्पी तेवढी गंजून जागच्या जागी राहिली.

खालच्या कोपऱ्यातल्या गाळ्यात हर्षला पिंगळेचं टायपिंगचं दुकान होतं. सव्वीस वर्षं. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर. तहसील कचेरीत कामासाठी आलेली माणसं तिच्याकडून अर्ज, प्रतिज्ञापत्रं, संमतिपत्रं लिहून घ्यायची. सकाळी दहाला ती दाराच्या फळ्या काढायची, केर काढायची, ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसायची, गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती लावायची. मग पहिलं गिऱ्हाईक.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी कीबोर्ड पुसताना फडक्याला एक दोरा चिकटून आला. निळा, बोटाच्या पेराएवढा. तिने तो झटकून टाकला. बुधवारी तीन दोरे निघाले. गुरुवारी ती टाइप करत असतानाच एक दोरा हवेत गिरक्या घेत खाली आला आणि तिच्या करंगळीवर बसला.

तिने वर पाहिलं. तिच्या दुकानाचं छत म्हणजे वरच्या खोलीची जमीन, नुसत्या फळ्या. बरोबर तिच्या टेबलाच्या वर दोन फळ्यांमध्ये दोन बोटांची फट होती, ती आजची नव्हे. जुनी इमारत, उंदीर असतील, वाऱ्याने कुठला तरी जुना कचरा सरकला असेल. असं तिने स्वतःला सांगितलं आणि ते पटण्यासारखंही होतं. पण दोरा मळलेला नव्हता. त्याचं टोक कात्रीने आत्ताच कापल्यासारखं सरळ होतं. आणि वरची खोली दिवाळीपासून बंद होती. मालकाने ठेवायला दिलेली तिची किल्ली हर्षलाच्याच खणात पडलेली होती.

२

वर येसाजीमामांचं टेलरिंगचं दुकान होतं. एक्केचाळीस वर्षं. शाळांचे गणवेश ही त्यांची खासियत. अकराला त्यांची पायमशीन सुरू व्हायची, एकला जेवणापुरती थांबायची, पुन्हा सहापर्यंत. चहा हवा असला की ते लाकडी गजाने जमिनीवर दोनदा ठोकायचे; हर्षला खालून ओरडायची, "आणते मामा." नवरा गेल्यावर तिने दुकान परत उघडलं, त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून मामाच खाली उतरले होते आणि गरज नसताना एक अर्ज लिहून घेऊन गेले होते. तिच्या मुलीचे, रियाचे, पाचवी ते दहावीचे गणवेश त्यांनी शिवले. एकदाही तिला शिलाई विचारू दिली नाही.

मग जितूशेठना इमारत पाडून नवी बांधायची होती. जितूशेठ म्हणजे मूळ मालकांचा नातू जितेश, पनवेलला राहणारा, बोलायला गोड. बाकीचे भाडेकरू निघाले. मामा नाय म्हणाले. "हितं मला उजेड बरा मिळतो," एवढंच त्यांचं कारण.

जितेश एका दुपारी हर्षलाकडे येऊन बसला. नव्या इमारतीत कोपऱ्याचा गाळा तिचा, असं म्हणाला. "फक्त एक कागद लागेल ताई. मामा आता काय काम करतात? वयच झालं त्यांचं. खोली बंदच असते म्हणा ना. तुम्ही खालच्या, तुमच्या शब्दाला वजन आहे."

त्याला वकिलाकडे जायचीही गरज पडली नाही. कागद तिनेच तयार केला. सदर खोली गेली सात वर्षे बंद असून वर कोणी नाही व कोणाचाही वावर नाही, हे मी शेजारी या नात्याने सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते. ती हे टाइप करत होती तेव्हा डोक्यावर मशीन चालू होती. प्रिंटरमधून कागद बाहेर येईपर्यंत दोनदा गज वाजला. ती म्हणाली, "आणते मामा," आणि आधी सही केली.

तो कागद कोर्टात गेला आणि निकाल जितेशच्या बाजूने लागला. दिवाळीनंतर मामांची मशीन टेंपोत चढली आणि ते साजगावला मुलीकडे गेले. जाताना त्यांनी तिला काही विचारलं नाही. कागद कोणाचा होता हे त्यांना सांगितलंच नसेल, असं ती धरून चालली होती.

दोरे पडायला लागल्यानंतरच्या सोमवारी अकरा वाजता वर मशीन सुरू झाली.

आधी तिला रस्त्यावरचा आवाज वाटला. एक्स्प्रेसवेकडे जाणारी अवजड वाहनं घुमतात तसा. पण हा आवाज ती चांगला ओळखत होती. लांब शिवण, थांबा, चाक हाताने अर्धं फिरवणं, पुन्हा लांब शिवण. एकला थांबला. दुपारी पुन्हा सुरू झाला. तिने कोणाला विचारलं असतं, तर पहिला प्रश्न हाच आला असता की ताई, वर कोण असणार, तुम्हीच तर लिहून दिलंत. म्हणून तिने पंखा पाचवर केला आणि मान खाली घालून काम करत राहिली.

चौथ्या दिवशी रसायनीचा एक माणूस उत्पन्नाचा अर्ज लिहून घ्यायला आला. अर्ज होईपर्यंत तो छताकडे बघत होता.

"वर टेलर आहे का? माझी पँट जरा आखूड करायची होती."

हर्षलाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "नाही हो. वर कोणी नाही," ती म्हणाली. आणि वरचं चाक, कोणी हात ठेवून थांबवावं तसं, थांबलं.

३

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती किल्ली घेऊन वर गेली. भर दुपार होती, बाहेर भाजीवाल्यांचा गलका होता, म्हणूनच तिला धीर झाला. जिना अरुंद, उभा, तेरा पायऱ्यांचा. कठड्याच्या जागी जाड दोरखंड. कुलूप गंजलं होतं, दोन-तीनदा फिरवल्यावर उघडलं. म्हणजे कोणी येत-जात नव्हतं. तिला बरं वाटलं.

खोली रिकामी होती. भिंतीला कपडे टांगायच्या खुंट्या, खिडकीत गेल्या वर्षाचं कॅलेंडर, जमिनीवर मशीनच्या चार लोखंडी पायांचे खळगे. धूळ सगळीकडे सारखी बसलेली, तिच्यात एकही पाऊल नाही. दोरा तर कुठेच नाही. तिने कोपरा न् कोपरा पाहिला. इथे दोराच नाही, तर खाली पडतो कुठून?

खळग्यांच्या मागे, जिथे मामांचं स्टूल असायचं तिथे ती बसली आणि फटीला डोळा लावला.

खाली तिचं टेबल दिसलं. खुर्ची, अर्धवट उघडलेला डबा, वाटीतली वांग्याची भाजी. आणि कॉम्प्युटरचा पडदा. सकाळी अर्धा टाकलेला अर्ज पडद्यावर तसाच होता, आणि इथून त्यातलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

ती किती वेळ तशीच वाकून राहिली कोण जाणे. तो खोटा कागद केला त्या दिवशी ती टाइप करत होती आणि वर मशीन चालू होती, इतकंच तिला आठवत होतं. पण मशीन मध्ये थांबली होती का? थांबली असली पाहिजे. दोनदा गज वाजला तेव्हा तर नक्कीच.

उठायला म्हणून तिने हात टेकला आणि झटक्यात उचलला. हाताखालची फळी कोमट होती. कोणी नुकतंच उठून गेल्यावर बैठक असते तशी. कौलं तापली असतील, ती मनात म्हणाली. मग तिने शेजारच्या फळीवर हात ठेवला. ती गार होती. तिच्या पलीकडचीही गार.

ती कुलूप लावून खाली आली. जेवण गेलं नाही. डबा तसाच झाकून तिने घरी नेला.

४

रविवारी ती डझनभर केळी घेऊन साजगावला गेली. मामांची मुलगी जना दारातच भेटली. जावई तिथल्याच एका कारखान्यात कामाला. दोन खोल्यांचं घर, पुढे ओटी.

"या ताई," जना म्हणाली. "पेठंतलं कोण बी आलं नाय बघा. तुमीच एक आल्यात. आबा तुमचं लय नाव घ्यायचे."

हर्षलाला पिशवी कुठे ठेवावी ते कळेना.

मामा ओटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. वाळलेले, पण दाढी केलेली, सदरा स्वच्छ. मशीन कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली. त्यांची नजर भिंतीवर होती आणि पाय चालू होते. टाच, चवडा, टाच, चवडा. मध्येच थांबायचे, उजवा हात हवेत अर्धा फिरायचा, की पाय पुन्हा सुरू.

"आठवडा झाला आसं," जना हळूच म्हणाली. "डाक्टर म्हनतात वय हाय. अकराला पाय सुरू, एकला थांबतात. मला वळखत नाय. बोलत नाय. दिस मावळला की झोपतात." ती चहा ठेवायला आत गेली.

हर्षला त्यांच्या शेजारी खाली बसली. "मामा, मी हर्षला."

पाय चालू होते. भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "परवा जेवली नायस. डबा तसाच न्हेलास. वांगी व्हती."

हे तिने घरीही कोणाला सांगितलं नव्हतं.

"आन् पंखा कमी कर गं. तुजे कागुद उडतात."

"मामा, तुम्ही कुठे आहात?"

"कुठं म्हंजे? वर हाय की."

"खाली या ना, मामा. इथे जना वाट बघतेय."

"खाली कसा येऊ?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, लहान मुलाला समजावावं तसं ते बोलत होते. "वर कोन नाय आसं लिवलंय ना कागदावर. मंग जो नायच, तो उतरंल कसा? कोनी तरी म्हनाया पायजे ना, हाय म्हनून."

"काय लिवलंय, ताई?" चहाचे कप घेऊन जना दारात उभी होती.

"काही नाही," हर्षला म्हणाली. "असंच बोलतायत."

चहा संपवून ती उठली. निघताना जनाने अंगणातली शेवग्याच्या शेंगांची जुडी तिच्या हातात दिली आणि ती तिने घेतली. खोपोलीपर्यंत रिक्षात तिने ती जुडी मांडीवर धरून ठेवली होती. इतकी लाज तिला सही करतानाही वाटली नव्हती.

५

मार्चच्या शेवटी पाडकाम ठरलं. हर्षलाचं टेबल समोरच्या शेडमध्ये हललं. दोन दिवस मजुरांनी कौलं उतरवली. वासे उघडे पडले, वरच्या खोलीवर थेट ऊन आलं, तरी अकराला मशीन सुरू व्हायची ती व्हायचीच. मजूर वरच्या दुसऱ्या टोकाला काम करायचे. त्या खोलीकडे कोणी फिरकत नव्हतं, आणि का ते कोणी बोलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला जेसीबी येऊन उभा राहिला. बघायला पेठ जमली होती. जितेश गाडीला टेकून फोनवर बोलत होता. पाडकामाचा सुपरवायझर रूपेश, तिशीतला, पिवळं हेल्मेट घातलेला, एक छापील कागद घेऊन हर्षलाकडे आला.

"शेवटच्या भाडेकरू तुम्हीच ना मॅडम? इमारत पूर्ण रिकामी आहे म्हणून इथे सही करा. मग सुरू करतो."

तिने पेन घेतलं. वर लांब शिवण चालली होती. आता साजगावला, ओटीवर, ते दोन पाय. ही फळी कोसळली की त्या पायांचं काय होणार, हे तिला ठाऊक नव्हतं आणि कोणाला विचारायची सोय नव्हती. मनातल्या मनात हाक मारून भागेल का, असाही विचार तिने केला. कोणाला कळणार नाही अशी. पण मामा म्हणाले होते, कोणीतरी म्हणायला पाहिजे.

"रिकामी नाही," ती म्हणाली.

"काय?"

"वर माणूस आहे. येसाजीमामा आहेत वर."

शेडमधलं कोणीतरी हसलं. जितेशने फोन कानापासून काढला. "ताई, मामा साजगावला आहेत. उगाच तमाशा नको."

"मी खोटं लिहून दिलं होतं," हर्षला म्हणाली. आवाज फुटत होता, पण तिने तो खाली येऊ दिला नाही. "खोली बंद नव्हती. मामा रोज कामाला येत होते. मला नवा गाळा पाहिजे होता म्हणून मी वर कोणी नाही असं लिहिलं. ते खोटं आहे. ते आहेत."

आता कोणी हसलं नाही. ज्यांना ती रोज भेटत होती ती सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. फूलवाली, किराणावाला, कचेरीतला शिपाई. त्या नजरांपेक्षा जेसीबीखाली गेलेलं परवडलं, असं तिला वाटलं.

रूपेशने एकदा जितेशकडे पाहिलं. "कोणी म्हटलं आत माणूस आहे, की मला बघावंच लागतं," तो म्हणाला आणि दोन मजुरांना हाक मारली.

चौघं वर गेली. तिने कुलूप उघडलं. खोली उन्हाने भरली होती आणि रिकामी होती. एक मजूर नाकातल्या नाकात हसला. रूपेश म्हणाला, "झालं समाधान, मॅडम?"

"मामा," हर्षला रिकाम्या खोलीला म्हणाली. "तुम्ही आहात. मी सगळ्यांसमोर सांगितलंय. चला आता खाली."

एक फळी वाजली. मग तिच्या पुढची.

हसणारा मजूर बाजूला झाला. मुद्दाम नाही, वयस्कर माणसाला वाट द्यावी तसं अंग आपोआप चोरून तो भिंतीला लागला. दुसराही लागला. रूपेशने दारातला दोरखंड उचलून पुढे धरला, कोणाच्या तरी हाती द्यावा तसा, आणि तो दोरखंड ताणला गेला.

हर्षला वळली आणि पुढे होऊन जिना उतरू लागली. मागे बघायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. मागे पायऱ्या करकरत होत्या. ती खाली पोचली, रस्त्यावर आली, तरी जिना वाजतच होता. बराच वेळ. मामांचे गुडघे दुखतात, त्यांना वेळ लागणारच, असं तिने स्वतःला सांगितलं.

आवाज थांबल्यावर कितीतरी वेळाने रूपेश आणि मजूर उतरले. एकाने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. रूपेशने तिच्याकडून कागद घेतला आणि सहीच्या जागी स्वतःच सही केली.

"आता आहे रिकामी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

जेसीबीने पहिला खांब ओढला तेव्हा जनाचा फोन आला. आबांचे पाय थांबले. त्यांनी तिला नावाने हाक मारली आणि भाकरी मागितली.

६

दुसऱ्या दिवशी हर्षला साजगावला गेली. पेठेतली बातमी तिच्या आधी पोचली होती. जनाने दार उघडलं, या म्हणाली नाही, वाटेतून बाजूला झाली फक्त.

मामा खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ती पायाशी बसली.

"मामा, चुकलं माझं. सही करताना हात थरथरत होता हो माझा."

"नाय," मामा म्हणाले. "मी बघत व्हतो. नाय थरथरला."

तिने मान खाली घातली. जना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"वर व्हतो तवा तुजा राग नव्हता," मामा म्हणाले. "तिथं राग येत नाय. आता येतोय. यील आजून थोडे दिस." त्यांनी बशी खाली ठेवली. "पन एक सांग. जिन्यात तू माज्या म्होरं व्हतीस. माज्या मागं कोन व्हतं?"

"सुपरवायझर आणि त्याची माणसं असतील."

"ती भित्तीला लागून उभी व्हती. मी त्यांच्या म्होरनंच आलो. माज्या मागं सगळा जिना भरला व्हता गं. बायामानसं व्हती, म्हातारी व्हती. एक बाई माज्या खांद्याला धरून उतरली. मी म्हनलं, तू कुठली? तर म्हनली, मला बी ताईंनीच लिवलंय." त्यांचा आवाज खाली आला. "आसं आजून किती जनांचं लिवून दिलंयस तू?"

सव्वीस वर्षं. साक्षीदार आणला नाही म्हणून अडलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, ताई, तुम्हीच करा ना एक सही, आणि ती करायची. सदर इसम या गावी राहत नाही. सदर बाई मयताची वारस नाही. सदर जमीन कोणी कसत नाही. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. कधी तिने चेहराही पाहिला नव्हता, नुसती नावं टाइप केली होती. सकाळी एक, दुपारी दोन. कागद गेला की नावही गेलं.

"ताई," जना म्हणाली. ती अंगणाकडे बघत होती आणि तिच्या आवाजात कोरडेपणा होता. "तुमच्यासंगं आलेली मानसं कवाची भाईर उन्हात उभी हायेत. त्यांना आत तरी बोलवा, नायतर जावा म्हनावं."

हर्षला एकटीच आली होती. रिक्षातून नाक्यावर उतरून, एकटीच चालत.

तिने दाराकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत, पुसटसं आठवलं ते पहिलं नाव तिने मोठ्याने घेतलं. अंगणात कोणाची तरी पायताणं काढल्याचा आवाज झाला.